एस्किमो, गोंड, जिप्सी : लोकांची नावे छापताना कुणाचे ऐकायचे?

प्रश्न : भूर्जपत्र

सहावी ते आठवीच्या मुलांसाठी जगातील लोकसमूहांची ओळख करून देणाऱ्या एका मराठी पूरक वाचन-पुस्तिकेचे संपादन सध्या माझ्याकडे आहे. लेखक अनुभवी आहेत आणि हस्तलिखितही नेटके आहे; मात्र लोकांच्या नावांपाशी आमचे घोडे अडले आहे. टुंड्रा प्रदेशावरील प्रकरणात सर्वत्र 'एस्किमो' आणि 'लॅप' हे शब्द आले आहेत, युरोपवरील प्रकरणात 'जिप्सी' आहेत, आणि भारताच्या प्रकरणात गोंड, बंजारा, मिकीर, डफला अशी नावे एका ओळीत दिली आहेत. यांतली बरीचशी नावे त्या लोकांनी स्वतः घेतलेली नसून इतरांनी दिलेली आहेत आणि काही त्यांना अपमानकारकही वाटतात, हे मी लेखकांच्या नजरेस आणून दिले.

त्यांचे उत्तर असे की, मराठी वाचकांच्या दोन-तीन पिढ्या भूगोलाच्या पुस्तकात 'एस्किमो' वाचूनच मोठ्या झाल्या. तो आता मराठी शब्द आहे आणि त्यात कुणाचा अवमान करण्याचा हेतू नाही. शिवाय प्रत्येकाला त्याच्याच नावाने संबोधायचे ठरवले, तर जर्मनीला 'डॉइचलांड', हंगेरीला 'माग्यारओर्साग' आणि फिनलंडला 'सुओमी' म्हणावे लागेल, मग मुलांना नकाशात काय सापडणार? हा आक्षेप मला सहज उडवून लावता येत नाही.

बाहेरच्यांनी दिलेले नाव नेहमीच तुच्छतेतून आलेले असते का, आणि तसे नसेल तर कोणते नाव बदलावे व कोणते तसेच ठेवावे हे ठरवण्याचा काही आधार आहे का, याविषयी जाणकारांनी सविस्तर लिहावे. पुस्तिका छापखान्यात जाण्यापूर्वी माझ्याकडे थोडा अवधी आहे.

उत्तर : ध्रुवमत्स्य

मी फक्त उत्तर ध्रुवाकडील लोकांविषयी लिहितो, कारण त्या विषयाचे माझे वाचन बऱ्यापैकी आहे.

'एस्किमो' म्हणजे 'कच्चे मांस खाणारे' हा अर्थ आपल्याकडे सरसकट सांगितला जातो आणि तो उत्तर अमेरिकेतील अल्गाँक्वियन कुळातील शेजारी भाषांवरून काढलेला आहे. आज बहुतेक भाषातज्ज्ञ तो मान्य करत नाहीत. लाब्राडोरकडील इनू लोकांच्या भाषेतील, बर्फावर चालण्याच्या जाळीदार पादत्राणांशी संबंधित शब्दावरून हे नाव आले असावे, हे मत त्यांना अधिक पटते. तेव्हा व्युत्पत्ती पाहिली तर हे नाव कदाचित निरुपद्रवी ठरेल. पण म्हणून ते वापरावे असे मी म्हणणार नाही, कारण नावाचा भार त्याच्या मुळापेक्षा ते कुणी, कुठे आणि कशासाठी वापरले यावरून ठरतो. कॅनडातील एक गोष्ट सांगितली म्हणजे हे स्पष्ट होईल.

तेथील इनुइट लोकांमध्ये आडनावे नव्हती. मूल जन्मले की नुकत्याच वारलेल्या नातलगाचे किंवा जवळच्या माणसाचे नाव त्याला दिले जाई आणि नावाबरोबर त्या माणसाची नातीही मुलाकडे येत; आजी आपल्या नातवाला 'बाबा' म्हणून हाक मारू शके, कारण तो तिच्या वडिलांचे नाव चालवत असे. आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याची आणि मग सासऱ्यांचे नाव कसे घ्यायचे म्हणून सुनेने मुलाला वेगळ्याच नावाने हाक मारण्याची रीत आपल्याकडेही होती, त्यामुळे मराठी मुलांना ही कल्पना परकी वाटणार नाही. सरकारी दप्तराला मात्र अशी नावे पेलवेनात. इनुइट नावांचे स्पेलिंग प्रत्येक अधिकारी वेगळे करी आणि बापाच्या नावाशी मुलाचे नाव जुळत नसे. मग १९४०च्या दशकात सरकारने प्रत्येक माणसाला क्रमांक कोरलेली एक लहान गोल चकती दिली, जी गळ्यात किंवा मनगटात बांधून जवळ ठेवायची होती. पूर्वेकडच्यांच्या क्रमांकाआधी 'ई' आणि पश्चिमेकडच्यांच्या क्रमांकाआधी 'डब्ल्यू' हे अक्षर असे. चकतीच्या मध्यभागी राजमुकुट होता आणि कडेने 'एस्किमो आयडेंटिफिकेशन कॅनडा' असे शब्द होते. दवाखान्याच्या, शाळेच्या आणि भत्त्याच्या कागदांवर माणूस या क्रमांकाने ओळखला जाई. पुढे १९६८ ते १९७१ या काळात एब ओकपिक या इनुइट गृहस्थांनी वस्त्यावस्त्यांतून फिरून लोकांना स्वतःसाठी आडनावे निवडायला सांगितले आणि त्यानंतर चकत्या हळूहळू मागे पडल्या.

ज्या पिढीने ही चकती गळ्यात वागवली तिला 'एस्किमो' हा शब्द कसा ऐकू येत असेल, हे व्युत्पत्तिकोशात सापडणार नाही. १९७१ साली कॅनडातील इनुइटांनी आपली राष्ट्रीय संघटना काढली तेव्हा तिच्या नावात 'इनुइट' हाच शब्द घेतला. १९७७ साली अलास्काच्या उत्तर टोकावरील बॅरो या गावी अलास्का, कॅनडा आणि ग्रीनलंड येथील प्रतिनिधी एकत्र आले आणि 'इनुइट सर्कम्पोलर कॉन्फरन्स' ही संस्था उभी राहिली. तिनेही हेच नाव स्वीकारले. कॅनडाच्या १९८२च्या राज्यघटनेत हाच शब्द आहे. अमेरिकेने २०१६ साली आपल्या काही संघीय कायद्यांतील 'एस्किमो' हा शब्द काढून तेथे 'अलास्का नेटिव्ह' असा बदल केला. त्याच वर्षी बॅरो गावच्या मतदारांनी आपल्या गावाचे इन्युपिआक (उत्तर अलास्कातील इनुइटांच्या) भाषेतील जुने नाव, 'उटकिआग्विक', परत घेतले. लोकांनी संघटितपणे आणि पुन्हा पुन्हा आपली इच्छा सांगितलेली आहे. मराठी लेखकाचा हेतू निर्मळ आहे, एवढ्याने ती रद्द होत नाही.

मात्र संपादकांनी येथे एक काळजी घ्यावी. 'एस्किमो' खोडून सर्वत्र 'इनुइट' घालणे बरोबर होणार नाही. अलास्काच्या नैर्ऋत्य भागातील आणि बेरिंगच्या सामुद्रधुनीपलीकडे सायबेरियाच्या किनाऱ्यावरील युपिक लोक स्वतःला इनुइट म्हणत नाहीत. त्यांच्या भाषा वेगळ्या आहेत. जुना परका शब्द या दोघांनाही कवेत घेत होता, म्हणून अलास्कातील काही वृद्ध युपिक आजही तो स्वतःसाठी वापरतात आणि त्यांना त्यात वावगे वाटत नाही. त्यांना 'इनुइट' म्हणणे म्हणजे एक परके नाव काढून दुसरे लादणे होय. ग्रीनलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरचे लोक 'कलालित' म्हणवतात, आणि गंमत अशी की हे त्यांचे आपले नावदेखील मध्ययुगात तेथे वसलेल्या नॉर्स लोकांच्या एका शब्दावरून आले असावे, असा अनेक अभ्यासकांचा कयास आहे. तरी ते आज त्यांचे आहे, आणि आपल्या देशालाही ते त्याच नावावरून 'कलालित नुनात' म्हणतात.

'लॅप' बाबत फारसा प्रश्नच नाही. नॉर्वे, स्वीडन, फिनलंड आणि रशियाचे कोला द्वीपकल्प यांत पसरलेले हे लोक स्वतःला 'सामी' म्हणतात आणि आपल्या भूमीला 'साप्मी'. नॉर्वेत १९८९ पासून आणि स्वीडनमध्ये १९९३ पासून त्यांची प्रातिनिधिक सभा आहे आणि तिच्या अधिकृत नावात सामी हाच शब्द आहे. मुलांसाठी एक चौकट करायची असेल तर ही माहिती द्या : नॉर्वेच्या उत्तर टोकावरील 'फिनमार्क' हे नाव फिनलंडच्या फिन लोकांवरून पडलेले नाही. जुने नॉर्वेजियन लोक सामींनाच 'फिन' म्हणत असत.

उत्तर : लेणेवाट

ध्रुवमत्स्य यांच्या उत्तराशी मी सहमत आहे. मी जर्मनीच्या आक्षेपाकडे वळते, कारण लेखकांचा तो मुद्दा खरोखर विचार करण्याजोगा आहे आणि त्याला टाळाटाळीचे उत्तर देऊ नये.

जर्मन लोक स्वतःला 'डॉइच' म्हणतात, ज्याचे मूळ 'लोकांची (भाषा)' या अर्थाच्या शब्दात आहे. फ्रेंचांना जी जर्मन टोळी जवळ होती ती अलेमानी, म्हणून त्यांनी साऱ्या देशाला 'आलमान्य' म्हटले. फिन लोकांचा संबंध सॅक्सनांशी आला, म्हणून त्यांच्या भाषेत जर्मनी 'साक्सा' आहे. पोलिश लोक 'न्येम्त्सी' म्हणतात, आणि तो शब्द 'मुका' या अर्थाच्या शब्दावरून आलेला आहे. ज्याची भाषा कळत नाही तो मुकाच. हंगेरियनांनी हा शब्द स्लाव्ह शेजाऱ्यांकडून उचलला. इतकी नावे, आणि त्यांतले एक तर सरळ हिणवणारे; पण वॉर्सातील जर्मन वकिलातीने आजवर त्यावरून तक्रार केल्याचे ऐकिवात नाही. कारण जर्मन माणसाला 'मुका' म्हणवून घेत कुणाच्या दारी अर्ज घेऊन उभे राहावे लागले नाही. त्याची शाळा, त्याचे न्यायालय, त्याचा पासपोर्ट त्याच्या भाषेत होता. शेजाऱ्याच्या घरात आपले नाव काय आहे याने त्याचे काही अडले नाही.

वेल्सची गोष्ट याच्या अगदी उलट आहे. 'वेल्श' हा शब्द जुन्या इंग्रजीतील 'परका' या अर्थाच्या शब्दावरून आला. म्हणजे बेटावर मागाहून आलेल्यांनी आधीपासून राहणाऱ्यांना परके ठरवले. ते स्वतःला 'कम्री' म्हणतात, आणि त्याचा अर्थ 'एका देशाचे सोबती' असा होतो. एकोणिसाव्या शतकात तेथील शाळांतून वेल्श बोलणाऱ्या मुलाच्या गळ्यात शिक्षा म्हणून लाकडी फळी अडकवली जाई. ध्रुवमत्स्य यांनी सांगितलेल्या चकतीशेजारी ही फळी ठेवून पाहावी. इंग्रजीत आजही 'वेल्श' चालते, लोकही ते वापरतात, आणि तरीही तेथील अनेक संस्था इंग्रजी मजकुरातसुद्धा 'कम्री' हे देशनाम पुढे आणत आहेत, ते उगाच नव्हे.

मराठीपुरते बोलायचे तर आपल्याकडे अशी नावे भरपूर आहेत आणि ती बहुतेक ऐकीव वाटेने आलेली आहेत. डच लोकांना आपण 'वलंदेज' म्हटले, ते पोर्तुगिजांच्या तोंडून ऐकून. 'इंग्रज' हाही पोर्तुगीज उच्चारच आहे. 'फिरंगी' हा मूळचा 'फ्रँक'. तो अरबी-फारसीतून आपल्यापर्यंत आला आणि मराठ्यांच्या कागदपत्रांत मुख्यतः पोर्तुगिजांसाठी स्थिरावला. ही नावे आपण घडवली नाहीत आणि त्या लोकांवर आपली सत्ताही नव्हती. त्यामुळे 'इंग्रज' शब्द काढून टाकावा असे कुणी म्हणत नाही.

यातले सर्वांत जुने उदाहरण मात्र पुण्याजवळ कार्ल्याच्या चैत्यगृहात आहे. तेथील काही खांबांवर ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत दात्यांची नावे कोरलेली आहेत आणि त्यांत 'धेनुकाकट' या गावचे 'यवन' आहेत; सिहधय नावाच्या यवनाने दिलेला खांब आजही तेथे उभा आहे. 'यवन' हा शब्द मूळचा 'आयोनियन' ग्रीकांसाठीचा. तो इराणी लोकांमार्फत भारतात आला आणि अशोकाच्या लेखांत 'योन' या रूपात दिसतो. कार्ल्याचे हे दाते खरोखर ग्रीक वंशाचे होते की नव्हते याविषयी विद्वानांत वाद आहे, पण ते बौद्ध संघाला दान देत होते आणि आपली ओळख सांगताना त्यांनी स्वतःच हा शब्द दगडात कोरून घेतला. बाहेरून मिळालेले नाव त्यांनी संकोच न करता अंगीकारले होते. पुढे बखरींच्या काळापर्यंत हाच शब्द मुसलमान सत्तांसाठी, आणि तोही बहुधा वैराच्या सुरात, वापरला जाऊ लागला. त्यामुळे आज कोणत्याही समाजासाठी तो वापरणे अयोग्यच ठरेल. एकच नाव एका काळी मानाचे असते आणि दुसऱ्या काळी अवमानाचे, म्हणून केवळ मूळ अर्थ पाहून निवाडा करता येत नाही.

देशांच्या नावांबाबत एक सावधगिरी बाळगावी. इराणने १९३५ साली 'पर्शिया' नको असे जगाला कळवले. मराठीत 'इराण' आणि 'इराणी' आधीपासूनच होते. स्वाझीलंडने २०१८ साली 'एस्वातिनी' हे नाव घेतले, तुर्कस्तानने २०२२ साली संयुक्त राष्ट्रांकडे 'तुर्किये' असे रूप नोंदवले. म्यानमारची गोष्ट मात्र वेगळी आहे. तेथे १९८९ साली नाव बदलले ते लष्करी राजवटीने, लोकांना न विचारता, आणि लोकशाहीवादी विरोधक पुढे कितीतरी वर्षे मुद्दाम 'बर्मा' म्हणत राहिले. दोन्ही नावे मुळात एकाच शब्दाची लेखी आणि बोली रूपे आहेत आणि दोन्ही बहुसंख्य बमार लोकांची आहेत. शान लोक, जे स्वतःला 'ताइ' म्हणतात, किंवा कचिन, ज्यांच्यातील मोठा गट स्वतःला 'जिंगफो' म्हणतो, त्यांचा या बदलाशी संबंध नव्हता. सरकारने मागितलेले नाव आणि लोकांनी मागितलेले नाव यांत अंतर असू शकते. नकाशावर मी 'म्यानमार' लिहीन, कारण मुलांना तेच सापडेल. पण ते 'लोकांचे खरे नाव' आहे असे त्याखाली लिहू देणार नाही.

उत्तर : वैनगंगा

दोन्ही उत्तरे मननीय आहेत, परंतु पुस्तिका मराठी मुलांसाठी आहे, म्हणून भारताच्या प्रकरणाकडे अधिक लक्ष द्यावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. इनुइट मूल ही पुस्तिका वाचण्याचा संभव नाही. गडचिरोलीतील आश्रमशाळेतले मूल मात्र ती नक्की वाचेल, आणि आपल्या समाजाविषयी काय लिहिले आहे ते आधी पाहील.

आपण ज्यांना गोंड म्हणतो ते आपल्या भाषेत स्वतःला 'कोयतूर' म्हणतात. 'गोंड' हे नाव बाहेरच्यांनी दिलेले असून तेलुगूतील 'डोंगर' या अर्थाच्या 'कोंड' शब्दावरून ते आले असे सांगितले जाते. तरीही 'गोंड' शब्द पुसून टाकावा असे मी म्हणत नाही. गोंडवाना, चांद्याचे आणि देवगडचे गोंड राजे, गोंडी भाषा, ही सारी अभिमानाची नावे आहेत आणि समाजाच्या संघटनाही ती वापरतात. पण पहिल्या वाक्यात 'स्वतःला कोयतूर म्हणवणारे गोंड लोक' एवढे जरी आले, तरी वर्गातल्या त्या मुलाला घरातला शब्द छापील पुस्तकात भेटेल.

नावाचे ओझे कसे असते ते पाहायचे असेल तर महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादीतील गोंडांची नोंद वाचावी. एकाच नोंदीत कितीतरी नावे आहेत : राजगोंड, बडा माडिया, छोटा माडिया, कोया, कोयतर, आणि त्यांच्यातच 'बायसनहॉर्न माडिया'. नाचताना डोक्यावर गव्याच्या शिंगांचा टोप घालणाऱ्या बस्तरकडील लोकांना इंग्रज अधिकाऱ्यांनी दिलेले हे नाव. ते स्वतःला 'दंडामी कोयतूर' म्हणवतात. एखाद्या परक्याने नाच पाहिला, टोप पाहिला आणि त्या टोपावरून माणसांना नाव दिले. ते नाव स्वतंत्र भारताच्या कायद्यात आजही इंग्रजी शब्दांसह कायम आहे आणि जातीचा दाखला त्या यादीशी ताडूनच मिळतो.

याच यादीत 'गोंड गोवारी' अशी एक नोंद आहे. ते एकच नाव आहे की दोन नावांमधला स्वल्पविराम राहून गेला आहे, हा वाद विदर्भात अनेक वर्षे चालला. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी नागपुरात विधिमंडळाच्या अधिवेशनावर निघालेल्या गोवारी समाजाच्या मोर्चात चेंगराचेंगरी होऊन ११४ माणसे मृत्युमुखी पडली, त्यांत बायका आणि मुले मोठ्या संख्येने होती. २०१८ साली उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने समाजाच्या बाजूने निकाल दिला, तर २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला आणि गोवारी व गोंड गोवारी एक नव्हेत असे म्हटले. निकालाच्या गुणदोषांत मी येथे शिरत नाही. नाव हा केवळ शिष्टाचाराचा विषय आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी नागपुरातील गोवारी शहीद स्मारकाजवळ थोडे थांबावे.

बंजारा समाजाबाबत हस्तलिखितात भर घालता येईल. हे लोक स्वतःला 'गोर' किंवा 'गोरमाटी' म्हणतात आणि समाजाबाहेरच्यांना 'कोर' म्हणतात. म्हणजे आपणही त्यांच्या भाषेत एका परक्या नावाचे धनी आहोत, आणि मुलांना हे कळलेच पाहिजे. इतरांनी मात्र त्यांना प्रांतोप्रांती वेगवेगळी नावे दिली : आपल्याकडे बंजारा, लमाण; कर्नाटकात लंबाणी; तेलंगणात लंबाडा, सुगाली. नावांबरोबर कायद्यातील जागाही बदलली. महाराष्ट्रात ते विमुक्त जातींमध्ये आहेत, कर्नाटकात अनुसूचित जातींमध्ये, तेलंगणात अनुसूचित जमातींमध्ये. जनगणनेत त्यांची गोरबोली 'लमाणी' या नावाने हिंदीच्या पोटात मोजली जाते. तांड्यावरच्या माणसाने आपल्या भाषेचे आणि आपल्या लोकांचे जे नाव घेतले असते, ते वरपर्यंत जाता जाता कुठेच उरत नाही.

'मिकीर' आणि 'डफला' मात्र आजच काढा. यात चर्चेला जागा नाही. आसामातील मिकीर हिल्स जिल्ह्याचे नाव १९७६ साली 'कार्बी आंगलाँग' झाले, कारण ते लोक कार्बी आहेत. अरुणाचलातील न्यिशी लोकांनी 'डफला' या हिणवणाऱ्या नावाविरुद्ध दीर्घकाळ मागणी केली आणि २००८ साली संसदेने कायदा करून यादीत ते बदलले. २०२१ साली अरुणाचलाच्याच यादीतून 'अबोर' हे नाव वगळले गेले आणि 'कोणतीही नागा जमात' अशी जी मोघम नोंद होती, तिच्या जागी नोक्टे, तांगसा, तुत्सा आणि वांचो ही चार नावे आली. त्याही आधी, १९५४ साली, लुशाई हिल्स जिल्ह्याचा 'मिझो' जिल्हा झाला होता. संसदेने जी नावे कायद्यातून काढली ती आपण मुलांच्या पुस्तकात छापत राहणे कोणत्याही सबबीखाली योग्य नाही.

आपल्याच भूमीवरील आणखी एक उदाहरण पुस्तिकेत यावे असे मला मनापासून वाटते. रायगड जिल्ह्यातील बेने इस्राएल हे ज्यू लोक घरी मराठी बोलत, पेणकर, रोहेकर, किहीमकर अशी गावावरून आडनावे लावत आणि तेलाचे घाणे चालवत. ते शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून गावकऱ्यांनी त्यांना 'शनवार तेली' म्हटले. यात द्वेष नव्हता. शेजाऱ्याचे निरीक्षण होते, आणि तेही अचूक. पण त्या सुट्टीमागे असलेला शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा विश्रांतीचा दिवस, गावाला ठाऊक नव्हता, तो त्यांच्या स्वतःच्या नावात होता : बेने इस्राएल, इस्राएलची लेकरे.

उत्तर : शब्दपारखी

'जिप्सी' बद्दल कुणी लिहिले नाही, म्हणून थोडक्यात लिहितो.

युरोपात हे लोक इजिप्तहून आले असा समज पसरला आणि त्यावरून इंग्रजीत 'जिप्सी' नाव पडले. ते इजिप्तचे नव्हते. त्यांच्या पूर्वजांनी सुमारे हजार वर्षांपूर्वी भारतीय उपखंड सोडला आणि त्यांची रोमानी भाषा आजही त्याची साक्ष देते. येख, दुय, त्रिन, श्तार, पांज अशी तिची मोजणी आहे. पाणी म्हणजे 'पानी', आणि कान व नाक तर जवळपास जसेच्या तसे आहेत. मराठी मुलांना हे वाचून आनंद होईल. ८ एप्रिल १९७१ रोजी लंडनजवळ भरलेल्या पहिल्या जागतिक रोमानी परिषदेने 'रोमा' हे नाव स्वीकारले. बाहेरच्या माणसाला ते 'गाजो' म्हणतात, जसे वैनगंगाताईंनी सांगितलेले 'कोर'.

जर्मन भाषेतील त्यांच्यासाठीचा 'त्सिगॉयनर' हा शब्द तर उच्चारू नये अशा योग्यतेचा झाला आहे. आउशवित्झच्या छावणीत रोमा आणि सिंती (जर्मनीतील रोमानी गट) कैद्यांच्या हातावर जो क्रमांक गोंदला जाई त्याआधी या शब्दाचे आद्याक्षर असे. २ ऑगस्ट १९४४च्या रात्री तेथे उरलेल्या हजारो रोमा-सिंतींना विषारी वायूने मारण्यात आले.

तरीही सरसकट नियम करू नका. इंग्लंडमधील काही जुनी रोमानी कुटुंबे स्वतःला आग्रहाने 'जिप्सी' म्हणवतात, आणि इंग्लंड-वेल्सच्या जनगणनेत २०११ पासून 'जिप्सी किंवा आयरिश ट्रॅव्हलर' असा रकाना आहे, तर 'रोमा' हा वेगळा रकाना २०२१ मध्ये आला. जर्मनीत 'सिंती आणि रोमा' अशी जोडी म्हणावी लागते, कारण सिंती स्वतःला वेगळे मानतात. तुमच्या पुस्तिकेत 'रोमा' हे मुख्य नाव ठेवावे आणि 'यांना पूर्वी जिप्सी म्हटले जाई. इंग्लंडमधील काही जण स्वतः आजही हे नाव वापरतात' असे एक वाक्य घालावे.

आपल्यालाही इतरांनी नावे दिली आहेत, याचा उल्लेख करण्यास संकोच नसावा. मराठा फौजेत ज्या स्वाराला घोडा सरकारातून मिळे तो बारगीर. अठराव्या शतकाच्या पाचव्या दशकात नागपूरकर भोसल्यांच्या फौजा बंगालवर स्वाऱ्या करू लागल्या, तेव्हा तेथे या शब्दाचे 'बर्गी' झाले, आणि मुलांना निजवण्याच्या बंगाली अंगाईत तो धास्तीचा शब्द म्हणून आजही आहे. मराठी मुलाने ही बाजूही वाचावी. गोव्यात आणि मुंबईत 'घाटी' हा शब्द ज्यांनी ऐकून घेतला आहे, त्यांना या चर्चेचे मर्म वेगळे सांगायला नको.

भूर्जपत्र

सर्वांची मनापासून आभारी आहे. ही चर्चा मी लेखकांना वाचायला दिली. त्यांचा मुख्य आक्षेप असा होता की, एका शब्दासाठी नियम केला तर तो सर्वांना लावावा लागेल. लेणेवाट यांच्या उत्तरानंतर त्यांनी तो सोडला आहे. आम्ही असे ठरवले आहे की, जेथे त्या लोकांच्या प्रातिनिधिक संस्थांनी किंवा कायद्याने नाव बदललेले आहे तेथे तेच छापायचे, म्हणजे इनुइट, युपिक, सामी, रोमा, कार्बी, न्यिशी. जर्मनी, हंगेरी, फिनलंड ही नावे मराठीत रुळलेली आहेत तशीच राहतील आणि नकाशाखाली त्या लोकांची आपली नावे लहान अक्षरांत येतील. गोंड आणि बंजारा या प्रकरणांचे पहिले परिच्छेद लेखक नव्याने लिहीत आहेत, आणि छपाईपूर्वी ते त्या समाजातील शिक्षकांकडून वाचून घ्यावेत, ही सूचना स्वतः लेखकांनीच केली. बेने इस्राएलांवर दोन पाने वाढवली आहेत.

एक शंका उरली आहे. 'इनुइट' हे मुळात अनेकवचन आहे असे वाचले. मग 'इनुइट लोक' आणि 'एक इनुइट मुलगा' हे चालेल का?

ध्रुवमत्स्य

त्यांच्या भाषेत एक माणूस 'इनुक', दोघे असतील तर 'इनूक' हे द्विवचन, आणि तिघांपासून पुढे 'इनुइट'. काटेकोरपणे पाहिले तर 'एक इनुक मुलगा' असे व्हायला हवे, आणि कॅनडातील इंग्रजी वृत्तपत्रे आता एका व्यक्तीसाठी 'इनुक' असेच लिहितात. मराठीत मात्र हे नाव विशेषणासारखे वापरले जाणार असल्याने 'इनुइट मुलगा', 'इनुइट लोक' अशी रूपे चालवावीत. नाहीतर मुले 'इनुक' ही निराळी जमात समजतील. जेथे एका माणसाची गोष्ट सांगितली आहे तेथे 'तो इनुक होता' असे लिहून तळटिपेत खुलासा द्यावा. त्यांच्या भाषेला 'इनुइट' न म्हणता प्रदेशाप्रमाणे नाव द्यावे : पूर्व कॅनडात 'इनुक्तितुत', ग्रीनलंडच्या पश्चिमेस 'कलालिसुत'. युपिकांच्या प्रकरणात ही कोणतीही रूपे येऊ देऊ नका.